अतिउच्च रक्तदाबाची आणीबाणी : पहिल्या तासात परिचारिका नेमके काय करते?

शुश्रूषा_ठाणे

ठाण्यातील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात मी परिचारिका आहे. रक्तदाब १८०/१२० च्या वर गेलेला रुग्ण दाखल झाला की नातेवाइकांचा पहिला आग्रह ठरलेला असतो : ‘सिस्टर, आधी बीपी खाली आणा.’ हा आग्रह समजण्यासारखा आहे. तरीही त्या तासाभरात आमची बरीचशी शक्ती तो आकडा भलत्याच वेगाने खाली जाऊ नये यासाठी खर्च होत असते आणि ही गोष्ट बाहेर फारशी कोणी समजावून सांगत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

पहिला प्रश्न असतो, आकडा खरा आहे का? दंड जाड आणि दंडाला गुंडाळायचा पट्टा, म्हणजे कफ, लहान असेल, तर दाब प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो. कफच्या आतल्या फुगणाऱ्या पिशवीने दंडाच्या घेराचा सुमारे ८० टक्के भाग वेढला पाहिजे. लघवी तुंबलेली असेल, रुग्ण बोलत असेल, पाठीला आधार नसेल किंवा हात लोंबकळत असेल, तरी आकडा फुगतो. नाडी अनियमित असेल, तर स्वयंचलित यंत्रावर विसंबून चालत नाही आणि स्टेथोस्कोप लावून हाताने दाब मोजावा लागतो. दाब दोन्ही हातांत मोजायचा असतो. दोन्हींत २० हून अधिक फरक असेल आणि पाठीत फाटल्यासारखी कळ येत असेल, तर महाधमनीचा थर फाटत असल्याची शंका घेऊन डॉक्टरांना त्याच क्षणी कळवावे लागते.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो. या दाबामुळे एखाद्या अवयवाला आत्ता, या क्षणी, इजा होत आहे का? आणीबाणी ठरते ती यावर. त्यामुळे दाब मोजत असतानाच आमची चौकशी चालू असते. डोके दुखते का, दिसायला अंधूक झाले का, उलटी झाली का, छातीत दुखते का, आडवे झाल्यावर धाप लागते का, लघवी कमी झाली का, हे विचारतो. बोलणे जड झाले आहे का, तोंड एका बाजूला ओढले गेले आहे का, दोन्ही हात सारखे उचलता येतात का, डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या आहेत का, हे पाहतो. त्यानंतर ईसीजी, रक्तातील साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम पाहण्यासाठी) आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी होते. यांतले काहीच बिघडलेले नसेल, तर आकडा कितीही भीतीदायक दिसला तरी शिरेतून औषध देऊन तो झपाट्याने उतरवण्याचे कारण नसते.

इजा होत असेल, तर मात्र शिरेतून औषध सुरू होते आणि येथे मर्यादा पाळावी लागते. सर्वसाधारण नियम असा, की पहिल्या तासात सरासरी धमनीदाब २५ टक्क्यांहून अधिक उतरवायचा नाही, पुढील २ ते ६ तासांत १६०/१०० च्या आसपास आणायचा आणि त्यानंतर २४ ते ४८ तासांत हळूहळू नेहमीच्या पातळीकडे न्यायचा. सरासरी दाब काढण्यासाठी वरच्या आणि खालच्या दाबातील फरकाचा तिसरा हिस्सा खालच्या दाबात मिळवायचा. उदाहरणार्थ, २२०/१३० असेल तर सरासरी १६० होते आणि त्यातून ४० वजा केल्यास १२० उरतात. मॉनिटरच्या पडद्यावर १८०/१०० दिसत असेल, तर सरासरी सुमारे १२७ झालेली असते, म्हणजे पहिल्या तासाचे काम झालेले असते. नेमक्या याच वेळी नातेवाईक पडदा पाहून म्हणतात, ‘अजून १८० आहे, तुम्ही काहीच करत नाही!’

ऐरोलीकर

आपण लिहिलेला शेवटचा प्रसंग आमच्याच घरातला वाटला. माझ्या वडिलांचा दाब एका संध्याकाळी २१०/११० भरला. त्यांना काहीही होत नव्हते, परंतु आम्ही घाबरून त्यांना रुग्णालयात नेले. तेथे ईसीजी आणि रक्त-लघवीच्या तपासण्या करून त्यांना शांत खोलीत झोपवून ठेवले, पोटातून गोळी दिली आणि रात्री दाब १८० च्या घरात असताना घरी सोडले. आमच्या ओळखीच्या एका वयस्कर डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी ऐकले, तेव्हा ते म्हणाले की जिभेखाली कॅप्सूल फोडून दिली असती तर पाच मिनिटांत काम झाले असते. तेव्हापासून आमच्या घरात दोन तट आहेत. यात चूक कोणाची, असे मी विचारत नाही. परंतु पाच मिनिटांत उतरणारा दाब उतरवला का नाही, हे समजून घ्यायचे आहे.

डॉ_खाडीपलीकडचे

ऐरोलीकर, आपल्या वडिलांवर योग्य उपचार झाले.

ती कॅप्सूल निफेडिपिन या रक्तदाब उतरवणाऱ्या औषधाची. एके काळी ती आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक दवाखान्यात सुईने टोचून जिभेखाली पिळली जात असे. गंमत अशी, की ती जिभेखालून फारशी शोषली जातच नाही. रुग्ण ती गिळतो आणि मग ती आतड्यातून शोषली जाते. त्यामुळे दाब किती उतरेल आणि कोठे थांबेल यावर कोणाचाच ताबा राहत नाही. अशा अचानक घसरणीमुळे पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके आल्याच्या नोंदी साठत गेल्या, आणि १९९६ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात हा प्रघात थांबवावा अशी स्पष्ट मागणी करणारा लेख प्रसिद्ध झाला. आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना दोष देऊ नका. १९३९ मध्ये कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांच्या डोळ्यांच्या पडद्यावरून जे वर्गीकरण केले, त्यातील सर्वांत गंभीर गटातले बहुतेक रुग्ण वर्षभरात दगावले होते, कारण तेव्हा परिणामकारक औषधेच नव्हती. पुढे औषधे हाती आल्यावर आमच्या आधीच्या पिढीने घाई केली, ती या भीतीपोटी.

दाब झपकन उतरवणे धोक्याचे का, तेही सांगतो. दाब वरखाली झाला तरी मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन-प्रसरण पावून रक्तपुरवठा जवळपास सारखा ठेवतात. निरोगी माणसात सरासरी दाब साधारण ६० ते १५० असेपर्यंत ही व्यवस्था चालते. वर्षानुवर्षे ज्यांचा दाब जास्त आहे, त्यांच्यात ही पट्टी वर सरकलेली असते. त्यामुळे आपल्याला जो आकडा नॉर्मल वाटतो, तो अशा रुग्णाच्या मेंदूला अपुरा पडू शकतो. २१० वरून एकदम १२० वर आणलेला रुग्ण कधीकधी गुंगीत जातो, आणि घरच्यांना वाटते की बीपी उतरले, आता बरे वाटून झोप लागली.

प्रश्नचिन्ह

धागा माहितीपूर्ण आहे, परंतु एक शंका स्पष्टपणे मांडतो. औषध कोणते, किती आणि केव्हा, हे सर्व डॉक्टर ठरवतात. परिचारिका आदेशाचे पालन करते. त्यात तिची वेगळी अशी भूमिका कोठे उरते? प्रत्येक व्यवसायाचे उदात्तीकरण करण्याची सध्या टूम आहे, म्हणून विचारले.

शुश्रूषा_ठाणे

प्रश्नचिन्ह, शंका रास्त आहे, त्यामुळे उत्तरही कामाच्या तपशिलातच देते.

औषध डॉक्टर ठरवतात, हे निर्विवाद आहे. परंतु आदेश प्रत्यक्षात कसा असतो ते पाहा. ‘लॅबेटालॉल सुरू करा, तासाभरात सरासरी दाब १२५ ते १३० च्या दरम्यान आणा, त्याखाली नको.’ हे लिहून डॉक्टर दुसऱ्या खाटेकडे जातात, कारण तेथेही कोणीतरी तितकेच अत्यवस्थ असते. त्यानंतर दर पाच-दहा मिनिटांनी दाब पाहून सिरिंज पंपाचा, म्हणजे शिरेत ठरावीक गतीने औषध सोडणाऱ्या यंत्राचा, वेग आदेशाच्या चौकटीत कमी-जास्त करणे, कोणत्या क्षणी थांबायचे हे ओळखणे आणि कोणत्या क्षणी डॉक्टरांना परत बोलवायचे हे ठरवणे, हे खाटेशेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीचे काम असते. औषधाचा परिणाम लगेच थांबत नाही, म्हणजे पंप कमी केल्यावरही दाब काही काळ घसरतच राहतो. म्हणून लक्ष्य गाठण्याच्या थोडे आधीच हात आखडता घ्यावा लागतो, आणि हे पुस्तकापेक्षा खाटेशेजारी अधिक चांगले शिकता येते.

औषध सुरू करण्याआधीचीही एक गोष्ट. लॅबेटालॉल दम्याच्या रुग्णाला, नाडी फार मंद असलेल्याला किंवा हृदयातील विद्युतवहनात अडथळा असलेल्याला द्यायचे नसते. घाईत आणलेला रुग्ण धड बोलत नसतो आणि सोबत आलेल्या शेजाऱ्याला काही माहीत नसते. अशा वेळी आम्ही रुग्णाची पिशवी उघडून तीत दम्याचा पंप आहे का ते पाहतो, गोळ्यांच्या पाकिटांवरची नावे वाचतो आणि ‘डॉक्टर, यांच्याकडे पंप सापडला’ असे सांगतो. त्यावर औषध बदलायचे की नाही हा निर्णय डॉक्टरांचा; परंतु ती माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचली नसती, तर निर्णयच वेगळा झाला असता.

धमनीत सुई घालून सतत दाब मोजला जातो, तेव्हा आणखी एक बारकावा असतो. त्या नळीला जोडलेला ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब टिपून पडद्यावर पाठवणारा भाग, रुग्णाच्या हृदयाच्या पातळीवर, म्हणजे छातीच्या चौथ्या बरगडीखालच्या फटीच्या रेषेत आणि छातीच्या जाडीच्या मध्यावर, असावा लागतो. तो १० सेंटिमीटर खाली राहिला, तर पडद्यावरचा दाब खऱ्यापेक्षा सुमारे ७ ते ८ ने जास्त दिसतो. रुग्णाला धाप लागली म्हणून खाटेचे डोके वर केले आणि ट्रान्सड्यूसर पुन्हा जुळवला नाही, तर आकडा बदलतो आणि आपण भ्रामक आकड्यावर खरे औषध देत राहतो. म्हणून खाट हलली की आधी तो जुळवायचा आणि मगच पंपाला हात लावायचा, असा आमच्याकडे दंडक आहे. पडद्यावरच्या आकड्याची शंका आली, तर दुसऱ्या हाताला कफ बांधून पडताळून पाहतो.

औषधांचे स्वभावही वेगवेगळे. नायट्रोग्लिसरिन प्लॅस्टिकच्या साध्या नळीला चिकटून राहते, त्यामुळे नळी कोणती वापरली हे पाहावे लागते. नायट्रोप्रुसाइड उजेडाने बिघडते, म्हणून बाटली आणि नळी झाकून ठेवावी लागते, शिवाय ते फार वेळ दिल्यास शरीरात सायनाइड साठण्याचा धोका असतो. लॅबेटालॉल दिल्यावर काही तास रुग्णाला एकदम उठवून उभे करायचे नसते. शौचालयात जायचे आहे म्हणून तो उठू लागला तर घेरी येऊन पडतो. यांपैकी एकही गोष्ट आदेशपत्रावर लिहिलेली नसते. उदात्तीकरण राहू द्या, ही फक्त कामाची यादी आहे.

नेरूळची_विद्यार्थिनी

ताई, मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वॉर्डात पक्षाघाताच्या एका आजोबांचा दाब २००/११० होता आणि त्यांना दाबाचे औषधच दिले नव्हते. मी विचारले, तर सर्व जण घाईत होते. मेंदूला इजा झालेलीच होती, मग ही आणीबाणी ठरत नाही का?

शुश्रूषा_ठाणे

प्रश्न नेमका आहे. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकून झालेल्या पक्षाघातात त्या भागाला रक्त पोहोचवण्यासाठी शरीर दाब चढवत असते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे नसेल, तर साधारणपणे २२०/१२० पर्यंतचा दाब पहिल्या दिवशी तसाच राहू दिला जातो. इंजेक्शन द्यायचे असेल, तर मात्र आधी १८५/११० च्या खाली आणावा लागतो आणि दिल्यानंतर २४ तास १८०/१०५ च्या खाली ठेवावा लागतो. तेव्हा पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी, पुढील सहा तास दर ३० मिनिटांनी आणि त्यानंतर दर तासाला दाब व मेंदूची तपासणी नोंदवायची असते. मेंदूत रक्तस्राव झाला असेल, तर गणित पुन्हा वेगळे होते आणि वरचा दाब साधारण १४० च्या आसपास आणण्याचा प्रयत्न असतो. महाधमनी फाटत असेल तर सर्वांत कडक : २० मिनिटांत वरचा दाब १२० च्या खाली आणि नाडी ६० च्या खाली. म्हणून पाळी बदलताना पुढच्या परिचारिकेला हँडओव्हर देताना ‘बीपी हाय आहे’ एवढे सांगून भागत नाही. निदान काय, लक्ष्य काय, शेवटचा आकडा कोणत्या हातातला आणि पंपाचा वेग कधी बदलला, हे सांगावे लागते.

तुमच्या अभ्यासासाठी आणखी एक उदाहरण देते. पाठीच्या कण्याला छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा झालेल्या रुग्णाचा दाब अचानक भडकला, डोके फुटल्यासारखे दुखू लागले आणि चेहरा लाल होऊन घाम सुटला, तर औषधाची वाट न पाहता त्याला उठवून बसवायचे, घट्ट कपडे सैल करायचे आणि लघवीची नळी पाहायची. पुष्कळदा ती खाटेच्या कठड्याखाली दुमडलेली असते. ती सरळ केली आणि लघवी वाहू लागली, की काही मिनिटांतच दाब उतरू लागतो. नळी मोकळी असेल, तर शौच अडकले आहे का ते पाहावे लागते.

प्रसूतिकक्ष_वाशी

या चर्चेत गरोदर स्त्रिया राहून गेल्या आहेत आणि आमच्याकडे तर १८० ची वाटही पाहायची नसते. गर्भवती किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीचा दाब १६०/११० किंवा त्याहून अधिक असेल आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजल्यावरही तसाच असेल, तर अर्ध्या ते एका तासाच्या आत औषध सुरू झाले पाहिजे. डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे आणि पोटाच्या वरच्या भागात दुखणे या तीन तक्रारी आम्ही प्रत्येकीला मुद्दाम विचारतो, कारण पोटदुखीला ‘ॲसिडिटी झाली असेल’ म्हणून घरचेच सोडून देतात.

डॉक्टरसाहेबांनी निफेडिपिनबद्दल लिहिले ते योग्यच आहे, परंतु वाचकांचा गोंधळ होऊ नये म्हणून सांगते, की आमच्याकडे ते आजही वापरले जाते. ते गिळण्यासाठी देतात, जिभेखाली पिळत नाहीत, आणि बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून देतात.

झटके (आकडी) येण्याची भीती असेल किंवा ते आलेच, तर औषध मॅग्नेशियम सल्फेट. येथे परिचारिकेची भूमिका विचारणाऱ्यांनी हे पाहावे : उपकेंद्रातील एएनएमलासुद्धा (सहायक परिचारिका-प्रसाविकेला) रुग्णेला पुढे पाठवण्याआधी पहिला डोस देण्याची मुभा शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनी दिलेली आहे. प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम, असे एकूण १० ग्रॅम. ५० टक्क्यांच्या एका ॲम्प्यूलमध्ये (काचेच्या कुपीत) १ ग्रॅम असते, म्हणजे झटके येणाऱ्या बाईशेजारी उभे राहून दहा ॲम्प्यूल फोडायच्या आणि मोठ्या सिरिंजमध्ये भरायच्या. त्या आधीपासून एका डब्यात मोजून ठेवलेल्या नसतील, तर काय होते याची कल्पना करा. आमच्या कक्षात तो डबा वेगळा आहे, त्यातच मॅग्नेशियम जास्त झाल्यास उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटही असते आणि प्रत्येक पाळीला तो उघडून पाहिल्याची सही होते.

मॅग्नेशियम अंगात जास्त झालेले नाही ना, हे पाहण्यासाठी पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या. गुडघ्याखाली हातोडीने हलकेच ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला किमान १६ आहेत का आणि गेल्या चार तासांत लघवी ताशी किमान ३० मिलिलिटर झाली आहे का. पाय उडत नसेल, तर डोस द्यायचा नाही आणि डॉक्टरांना बोलवायचे. श्वासच मंदावला, तर कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून सावकाश. बाळंत झाल्यावर धोका टळला असे समजून काही कुटुंबे घाईने घरी न्यायला निघतात. झटके बाळंतपणानंतरही येतात, विशेषतः पहिल्या दोन दिवसांत.

ऐरोलीकर

सर्वांचे आभार. घरातील दुसरा तट आज बराच शांत झाला. आता एक व्यवहारातला प्रश्न : मुळात इतका दाब चढतो कशाने, आणि पुन्हा असे झाले तर आम्ही घरी काय करायचे?

डॉ_खाडीपलीकडचे

चढण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे गोळ्या बंद करणे. ‘बीपी नॉर्मल आले म्हणून थांबवल्या’, ‘उपवासामुळे सकाळची गोळी राहिली’, ‘गावी गेलो तेव्हा पाकीट संपले’ ही वाक्ये मी जवळजवळ रोज ऐकतो. क्लोनिडिनसारखी काही औषधे एकदम सोडली, तर दाब आधीपेक्षाही वर उसळतो. गुडघेदुखीसाठी मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, मूत्रपिंडाचे आजार आणि आहारातले मीठ यांचाही हात असतो. आपल्या खाडीकाठच्या घरांतून सुके बोंबील, पापड आणि लोणचे एकाच ताटात येतात, याकडे लक्ष असू द्यावे. (अवांतर : सोडा म्हटले की रुग्ण पुढच्या वेळी येतच नाही, म्हणून मी ‘तिन्हींपैकी एक निवडा’ असे सांगतो.)

शुश्रूषा_ठाणे

घरी करायचे ते थोडेच आहे. यंत्रावर मोठा आकडा दिसला आणि काहीही त्रास नसेल, तर लघवीला जाऊन यायला सांगा, पाठ टेकून आणि पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे न बोलता बसवा आणि पुन्हा मोजा. तरीही १८०/१२० च्या वर असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. राहिलेली गोळी दुप्पट करून देऊ नका आणि शेजाऱ्यांची गोळी तर मुळीच देऊ नका. छातीत दुखणे, धाप, बोलण्यात अडखळणे, हातापायातील शक्ती जाणे, अंधूक दिसणे किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी काही असेल, तर पुन्हा मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. घोडबंदर रस्त्यावर किंवा ठाणे-बेलापूर मार्गावर संध्याकाळी गाडी अडकली, तर वाटेत काय करायचे हे रुग्णवाहिकेतल्या माणसांना कळते, रिक्षात ते शक्य नसते.

आणि निघताना गोळ्यांची सर्व पाकिटे, अगदी रिकामी झालेली आणि आयुर्वेदिकही, एका पिशवीत भरून आणा. त्रास सुरू झाला ती वेळ, आणि ती माहीत नसेल तर रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ, कागदावर लिहून आणा. दारात आल्यावर आम्ही आधी तेच विचारतो.